सोमवारच्या गटातलं नववं नाव

माउस हातात धरून काम करणाऱ्या माणसांबद्दल माझ्या मनात आकस नाही. माझा नवराही त्यांतलाच आहे. पण ज्याला सर्व्हर सांभाळायचाय त्यानं काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायला शिकलंच पाहिजे, या मताची मी तेव्हाही होते आणि आजही आहे. रंगीत खिडक्यांत आपल्याला तेवढंच दिसतं जेवढं कुणीतरी दाखवायचं ठरवलेलं असतं. काळ्या पडद्याला विचारलं की तो असेल ते सांगतो, आणि विचारलं नाही तर गप्प बसतो. हा स्वभाव मला आवडतो. घरचे म्हणतात की माझाही असाच आहे, आणि ते काही कौतुकानं म्हणत नाहीत.

कोल्हापूरपासून तासाभरावर, उसाच्या पट्ट्यात एक मोठा सहकारी पसारा आहे. साखर कारखाना, दूध संघ, शाळा, कॉलेजं आणि या सगळ्यांत राबणाऱ्यांची वसाहत. वडील कारखान्यात बॉयलरवर होते. आमचं घर वसाहतीच्या शेवटच्या ओळीत. ती ओळ बौद्धांची, असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण पोस्टमनला विचारलं असतं तर त्यानं डोळे झाकून सांगितलं असतं. मी तिथल्याच शाळेत शिकले, तिथल्याच कॉलेजातून बाहेर पडले आणि नव्वदीच्या शेवटी तिथल्याच संगणक विभागात लागले. विभाग म्हणजे साहेबांच्या इमारतीतली एक खोली, एक एसी आणि चपला बाहेर काढायची सक्ती. देवळातसुद्धा एवढं कडक नसतं. वडील अख्ख्या नोकरीत त्या इमारतीत दोनदा गेले होते, आणि दोन्ही वेळा उभ्याउभ्याच परत आले होते. मी मात्र रोज जाऊन खुर्चीवर बसत होते. घरात या गोष्टीचा फार अभिमान होता.

माझ्या खोलीला लागून टेलिफोनचा बोर्ड होता आणि बोर्डावर अक्का. त्यांना सगळे अक्काच म्हणायचे, कार्यकारी संचालकसुद्धा, ज्यांना आम्ही नुसतं एमडी साहेब म्हणायचो. अक्का शिरोळकडच्या जैन घरातल्या. आमच्याकडच्या बायका 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. अक्का तर त्यात पक्क्या. आवाज असा की फोन न उचलताही पलीकडच्या गावाला ऐकू जावा. सूर्यास्तानंतर त्या अन्न घेत नसत, म्हणून संध्याकाळच्या पाळीला असल्या की साडेपाचला बोर्डाशेजारीच डबा उघडायच्या. त्या वीस मिनिटांत बाहेरची लाइन मागायची हिंमत अध्यक्षांनीही कधी केली नाही.

अक्कांचं काम बाहेरून सोपं दिसायचं. फोन आला की जोडायचा. पण कुणाला कुणाशी जोडायचं, कुणाला 'सायेब मीटिंगात हाईत' म्हणून वाटेला लावायचं, कुणाच्या बायकोचा फोन ताबडतोब द्यायचा आणि कुणाच्या मेव्हण्याचा कधीच द्यायचा नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. लिहिलेलं कुठंच नाही. आणि लाइन जोडताना कानावर काय काय पडत असेल ते पडो, ते पुढं गेल्याचं एकही उदाहरण नव्हतं. वसाहतीत कुणाच्या घरी काय शिजतं ते शेजारणीला आधी कळायचं. बोर्डावरचं मात्र काही कळत नसे.

त्यांच्या कामात आणखी एक बारकी गोष्ट होती. दर सोमवारी अकराला खातेप्रमुखांची बैठक असायची. आठ माणसं. बैठक कधी पुढं-मागं व्हायची, कधी रद्द व्हायची. एमडी साहेबांचे पीए अक्कांना सांगायचे, अक्का आठही जणांना फोन करायच्या आणि शेवटचा फोन कँटीनला, "आठ चा. दोन बिनसाखरंचं."

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी आमच्याकडे मेल सर्व्हर आला. पीएंना आता बोर्डाची गरज उरली नाही. मी त्यांना 'सोमवार बैठक' नावाचा एक गट करून दिला. त्या एका नावावर पत्र टाकलं की आठही जणांना पोचायचं. पीए खूश झाले. ओळीनं दोन सोमवार साहेब लोक कोरडे बसले, कारण बैठक आहे हे कँटीनला कुणी सांगितलंच नाही. बोलणी बसली ती अक्कांना. तिसऱ्या आठवड्यात त्या माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. चपला काढायला लागतात म्हणून आत कधी येत नसत.

"त्या तुझ्या गटात कँटीनलाबी घाल की. चा न्हाई मिळाला तर माझ्या नावानं ओरडत्यात."

कँटीनला तेव्हा नुकताच एक जुना संगणक आणि प्रिंटर दिला होता. मी अर्ध्या मिनिटात कँटीनचं नाव गटात घातलं. कुठं नोंद केली नाही, कुणाची सही घेतली नाही. चहासाठी कोण सही घेतं? त्या सोमवारपासून चहा वेळेवर यायला लागला आणि ही गोष्ट सगळ्यांच्या डोक्यातून गेली. माझ्याही.

पुढं दोन-तीन वर्षांनी मेलवरची माणसं वाढली. शाळेचे शिक्षक आले, दूध संकलन केंद्रं आली, वजनकाटा आला. पत्ता शोधायला पत्त्यांची वही उघडली की शेकडो नावं धावत यायची. एका मोठ्या साहेबांनी घाईघाईत आपल्या रजेचं पत्र शाळेच्या शिपायाला पाठवलं, आणि शिपायानं नम्रपणे 'रजा मंजूर' असं उत्तर दिलं. मी पोट धरून हसले. साहेब मात्र हसले नाहीत. मग पुण्याहून सल्लागार बोलावले गेले आणि त्यांनी सर्व्हरवर पत्त्यांच्या वहीची धोरणं बसवली.

ही धोरणं म्हणजे काय ते मी साध्या भाषेत सांगते. सर्व्हरवर सगळ्यांचे पत्ते असतात, पण प्रत्येकाला कोणती वही उघडून द्यायची ते ठरवता येतं. शाळेच्या माणसाला शाळेची वही, संघाच्या माणसाला संघाची. आमच्याकडे चार धोरणं झाली: कारखाना, संघ, शिक्षण आणि अधिकारी. अधिकाऱ्यांच्या वहीत फक्त अधिकारी. "आम्हाला बाकीची गर्दी दिसायला नको," असं त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं. अक्कांच्या खात्याला मात्र कोणतंच धोरण लावलं नाही. बोर्डावर कुणाचीही विचारणा येते, त्यांना सगळे सापडले पाहिजेत, म्हणून त्यांना सगळ्या वह्या मोकळ्या. सल्लागार परत गेले आणि त्यांनी बसवलेलं माझ्या ताब्यात आलं.

त्यानंतरच्या एका हंगामाआधीची ही गोष्ट. अक्कांच्या निवृत्तीला पाच महिने राहिले होते.

आमच्याकडे निवृत्त होणाऱ्या माणसाला घरी सोडायची एक पद्धत आहे. फेटा बांधतात, नारळ देतात, जीप सजवतात आणि हलगी वाजवत थेट दारापर्यंत पोचवतात. वडील निवृत्त झाले तेव्हा ती जीप आमच्या शेवटच्या ओळीत आली होती. जिथं एरवी कचऱ्याची गाडीही वळायची नाही तिथं ती आली आणि वडील फेट्यात उतरले. आईनं पदर तोंडाला लावला तो संध्याकाळपर्यंत काढला नाही. ज्याच्यावर चौकशी लागते त्याला ही जीप मिळत नाही. तो आपला आपण, पिशवी घेऊन, मागच्या गेटनं जातो.

त्या वर्षी काही हंगामी कामगारांना कायम करायचं घाटत होतं. नावांची कच्ची यादी तयार झाली होती. संचालक मंडळानं ती अजून पाहिलीही नव्हती, नावं इकडची तिकडं व्हायची होती. एका शनिवारी पीएंनी ती यादी सोमवारच्या बैठकीसाठी गटाला पाठवली, वर 'गोपनीय' लिहून. सोमवारी दुपारी गेटवर गर्दी. ज्यांची नावं यादीत नव्हती ते आले होते, बायकापोरांना घेऊन. एकाला तर यादीतला आपल्या शेजाऱ्याचा अनुक्रमांकही पाठ होता.

साहेब लोक हादरले. यादी फुटली कशी? पीएंनी आपल्या संगणकावर तो गट उघडून दाखवला. आठ नावं, आठही खातेप्रमुख. मला बोलावलं गेलं. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून पडद्याकडे पाहिलं आणि तोंड वर करून म्हणाले, "हो, आठच आहेत." खिडकीवर विश्वास ठेवू नये असं जगाला सांगत फिरणारी मी, आणि त्या दिवशी खिडकीत पाहून साक्ष दिली.

आठ साहेब बोलणार नाहीत. मग उरलं कोण? पीए म्हणाले, "सर्व्हरवर सगळं दिसतं असं एकच खातं आहे. बोर्डाचं." शिवाय अक्कांचा एक भाचा हंगामी होता आणि यादीत त्याचं नाव नव्हतं. एवढं पुरलं. मंगळवारी अक्कांना कारणे दाखवा नोटीस निघाली आणि चौकशी शुक्रवारी ठरली.

मी चिडून पीएंना सांगितलं की पत्ता दिसणं वेगळं आणि पत्र दिसणं वेगळं. माझ्या घराचा पत्ता तुम्हाला माहीत आहे म्हणून माझ्या घरातली भांडणं तुम्हाला ऐकू येतात का? ते म्हणाले, "मॅडम, हे तुम्ही लेखी द्या." कोणतं पत्र कुणाकुणाला पोचलं याच्या नोंदी सर्व्हर ठेवू शकतो, पण आमची डिस्क लहान, म्हणून त्या नोंदी मीच बंद ठेवल्या होत्या. म्हणजे तोही दोर कापलेला.

आणि अक्का काही बोलेनात. एवढा आवाज असलेली बाई, नोटिशीला उत्तर दिलं ते एका ओळीचं: माझ्याकडून काही झालेलं नाही. मी त्यांना म्हटलं, "अक्का, जरा भांडा तरी." त्या म्हणाल्या, "फोन वाजाय लागलाय, जा तू." मला त्यांचा इतका राग आला की बुधवारी दिवसभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

गुरुवारी दुपारी मी लेखी द्यायला बसले. नीट लिहायचं तर पुरावा हवा, म्हणून काळा पडदा उघडला आणि सर्व्हरवरची सगळी धोरणं मागितली. चारही ओळीनं आली, कोणत्या धोरणात कोणती वही तेही. मग प्रत्येक खात्याला कोणतं धोरण लावलंय ते मागितलं. नावं झरझर खाली गेली. बोर्डाच्या खात्यासमोर जागा रिकामी. ते मला माहीतच होतं. पण कँटीनच्या खात्यासमोर 'कारखाना' असं आलं, आणि कँटीन हा शब्द वाचताना मला अक्कांनी चहासाठी घालायला लावलेलं नाव आठवलं.

मी 'सोमवार बैठक' गटाची माणसं मागितली. काळ्या पडद्याला साहेबांची वही ठाऊक नसते. त्यानं आठ नावं दिली, आणि खाली नववं: कँटीन.

पीएंना ते नाव दिसतच नव्हतं. त्यांना लावलेल्या अधिकाऱ्यांच्या वहीत कँटीन नाही, म्हणून गट उघडला तरी त्यांना आठच दिसणार. पण वही फक्त डोळ्यांपुरती असते. पत्र तिला विचारून जात नाही. ते गटात जेवढे आहेत तेवढ्यांच्या दारात जातं, मग पाठवणाऱ्याला ते दिसोत किंवा न दिसोत. ते नाव माझ्या हातानं घातलेलं होतं. मी पाणी प्यायले, चपला घातल्या आणि कँटीनला गेले.

कँटीनवाले मामा वडिलांचे जुने दोस्त. मला पाहूनच त्यांनी झारा खाली ठेवला. मी विचारलं, "मामा, त्या सोमवारी तुमच्याकडे काय आलं होतं?"

"कागद आलता," मामा म्हणाले. "दर सोमवारचा असतोय तसलाच वाटला. पर ह्याच्यात नावं लई. मला वाटलं, एवढी पावणं येणार मीटिंगला. म्हणून सकाळी दीड पातेलं उप्पीट केलतं. कागद भिंतीला अडकवला, म्हणजे वाढणाऱ्याला मोजाय येतंय."

"मग?"

"मग कोण यायला? आठ चा गेलं, उप्पीट तसंच. टाकायचं कशाला म्हणून पाळी सुटल्यावर लोकांना बोलावून वाटलं. खाता खाता त्यांनी भिंतीवरचा कागद वाचला. मला काय ठावं, ती कायम करायची यादी हाय म्हणून? गेटवर दंगा झाल्यावर अक्काचा फोन आला, कागद काढून चुलीत घाल म्हणाली. घातला."

मला आधी हसूच आलं. गोपनीय यादीवर दीड पातेलं उप्पीट. मग त्यांचं शेवटचं वाक्य डोक्यात शिरलं आणि हसू गेलं. अक्कांना सोमवारपासूनच माहीत होतं.

साडेपाचला मी बोर्डावर गेले. अक्कांचा डबा उघडा होता, भाकरी आणि मुगाची उसळ. एरवी त्या वेळी मी जात नसे. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "अक्का, कँटीन त्या गटात आहे. तुम्ही सांगितलं होतं, मी घातलं होतं. तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"म्हाईत हाय की," त्या म्हणाल्या. "गेटवरनं फोन आला तवाच डोक्यात आलं."

"मग बोलला का नाही? उद्या तुम्हाला काढतील."

त्यांनी घास खाली ठेवला. "काय बोलू? कँटीनचं नाव घेतलो की इचारणार, त्याला कुणी घातलं. मग तुझं नाव सांगू व्हय? तीस वरसं लाइनी जोडलो. कोण कुणाशी काय बोलला, कानात तेल घातल्यागत ऐकलो, पर कुणाचं नाव कुणाला सांगितलो न्हाई. आता नाव फोडलं म्हणूनच नोटीस दिल्यात. ती खोटी हाय म्हणून सांगाय मी खरंच एक नाव फोडू?"

त्या पुन्हा जेवायला लागल्या. "दिवस मावळायला आलाय, मला खाऊ दे," एवढंच म्हणाल्या. मी त्यांच्यावर बुधवारी चिडले होते याची लाज वाटली, आणि ती लाज कमी व्हावी म्हणून मी आणखीच चिडले, या वेळी स्वतःवर.

लग्नानंतर मी कोल्हापुरात राहत होते. शुक्रवारी सकाळी तिथून निघालेल्या एसटीत मी खिडकीशी बसून बोलणं रचत होते. खरं सांगायचं तर दोन बोलणी रचत होते. एकात कँटीनचं नाव 'तांत्रिक कारणामुळे' गटात राहिलं होतं. हे वाक्य माझ्या धंद्यात फार उपयोगी पडतं. ते ऐकल्यावर कुणी पुढं विचारत नाही. दुसऱ्यात मी होते. आमच्या ओळीतली मी पहिली, जी त्या इमारतीत खुर्चीवर बसली. आईनं लहानपणापासून घोकून घेतलं होतं की आपली चूक आपल्या एकटीची राहत नाही, ती सगळ्या ओळीच्या नावावर पडते. म्हणून मी आयुष्यभर दुप्पट बिनचूक राहत आले होते. त्या सकाळी मला पहिल्यांदा वाटलं की हेही एक धोरणच आहे, आपल्यावर कुणीतरी लावून दिलेलं, आणि ते काढून टाकायला कुणाची परवानगी लागत नाही. फाट्यावर उतरले तेव्हा एकच बोलणं उरलं होतं.

चौकशीला एमडी साहेब, पीए आणि कामगार अधिकारी होते. अक्का भिंतीजवळ बसल्या होत्या, मांडीवर पिशवी. मी माझा संगणक टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "साहेब, आधी हे बघा."

पीएंच्या खात्यातून गट उघडला. आठ नावं. मग शेजारी काळा पडदा उघडून तोच गट मागितला. नऊ.

एमडी साहेब चष्मा काढून पुढं वाकले. "म्हणजे मला जो दिसत नाही त्यालाही माझं पत्र जातं?"

"जातं साहेब. तुमच्या वहीत तो नाही, एवढंच. गटात आहे."

"मग त्या वहीचा उपयोग काय?"

"गर्दी दिसत नाही," मी म्हणाले. "गर्दी कमी होत नाही."

पीएंनी लगेच विचारलं, "पण कँटीनला घातलं कुणी?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नको म्हणून. मी ते पाहिलं आणि म्हणाले, "मी. चहा वेळेवर यावा म्हणून. नोंद केली नाही, ती चूक माझी. आणि सोमवारी पीए साहेबांच्या पडद्यावर बघून आठच आहेत असं मी सांगितलं, तीही माझी. बोर्डाच्या खात्याला पत्ते दिसतात, पत्र दिसत नाही. हे पत्र बोर्डाला गेलंच नव्हतं. अक्कांचा यात काही संबंध नाही." मग उप्पिटाची गोष्ट सांगितली. कामगार अधिकाऱ्यांनी हसू दाबायला रुमाल काढला. पीए मात्र हसले नाहीत.

एमडी साहेब अक्कांकडे वळले. "अक्का, तुम्ही का बोलला नाही?"

"मला काय कळतंय त्यातलं, सायेब," अक्का म्हणाल्या. इतकं निर्मळ खोटं मी त्या इमारतीत दुसरं ऐकलं नाही.

नोटीस मागं घेतली गेली. मला लेखी ताकीद मिळाली, ती माझ्या फायलीत अजून असेल. आणि एक शिक्षा वेगळी: दर सोमवारी बैठकीला हजर राहायचं आणि आठवड्यात कोणत्या गटात कोण घातला, कोण काढला, ते वाचून दाखवायचं. पाच महिन्यांनी अक्कांची जीप निघाली, ऊन डोक्यावर असतानाच, कारण दिवस मावळायच्या आत घरी पोचून त्यांना जेवायचं होतं. गेटवर हंगामी लोकांनी आपली हलगी आणली होती, कुणी न सांगता. भाचा पुढं कायम झाला की नाही ते मला माहीत आहे, पण अक्कांकडे शिकलेली असल्यानं सांगत नाही.

ताकीद मिळाल्यानंतरचा पहिला सोमवार मात्र सांगते. कँटीनचं नाव मी शुक्रवारीच गटातून काढलं होतं. काढलं म्हणजे चहाचं पत्र जाणार नाही, हे माझ्या डोक्यात आलं तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि मी बैठकीच्या खोलीत, भिंतीकडच्या खुर्चीवर, वही उघडून बसले होते. टेबलाभोवती आठ साहेब. एका आठवड्यात दुसरी चूक.

तेवढ्यात दार ढकलून मामा स्वतः ट्रे घेऊन आत आले. बोर्डावरून फोन गेला होता, पहिल्यासारखा. पीएंनी सवयीनं कप मोजले.

"मामा, एक जास्त आणलाय."

"न्हाय," मामा म्हणाले. "अक्कानं नऊच सांगितल्यात. सात साखरंचं, दोन बिनसाखरंचं."

मामांनी टेबलावर आठ कप मांडले, मग भिंतीकडं आले आणि नववा माझ्या हातात दिला. एमडी साहेब म्हणाले, "घ्या, गार होईल." तो नेमका बिनसाखरेचा निघाला, माझ्या वाटणीचा गोड एखाद्या मधुमेही साहेबांनी त्या दिवशी गुपचूप पिऊन टाकला असणार. मी तो कडू चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

संध्याकाळी, निवृत्तीनंतर गावी राहायला गेलेल्या वडिलांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. धोरणं, काळा पडदा, नऊ नावं, ताकीद. ताकिदीबद्दल ते काही बोलले नाहीत. यादीबद्दलही नाही.

"चा बसून प्यालीस न्हवं?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हणाले. "बसूनच."